जखम बघायला येणारी माणसं

जखमेची कड हलत नव्हती. दर आठवड्याला मी जखमेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरून कडेने पेनाची रेघ मारायचो, मागच्या आठवड्याच्या तुकड्यावर ठेवून बघायचो, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बरोबर बसायच्या.

"कितपत आलीय?" दस्तगीरचाचा टेबलावर आडवे पडूनच विचारायचे.

"आहे तिथंच आहे."

"म्हंजे वाढली न्हाय की. ते बी बरंच झालं."

दस्तगीरचाचा आचारी. शिवाजी पेठेत घर. लग्न असो, जावळ असो, की फुटबॉलची मॅच जिंकल्यावरचं जेवण असो, मटणाचा हंडा त्यांच्याकडे. सगळी उमर चुलीपुढे उभं राहून गेलेली. मधुमेहाने तळव्याची जाणीव गेली होती आणि उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, खालच्या बाजूला, रुपयाएवढी जखम झाली होती. कशी झाली ते त्यांना माहीत नव्हतं. जाणीव गेलेल्या पायाचं असंच असतं. मालकाला सगळ्यात शेवटी कळतं.

दुसऱ्या एका दवाखान्यात चवड्यापासून पाय काढायचा सल्ला मिळाला होता. तो ऐकून जैनबचाची नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी केसपेपर टेबलावर ठेवायच्या आधीच सांगितलं, "डॉक्टर, ह्यांना हंड्यापासनं लांब बसवलं तर हे जगायचं न्हाईत. आणि जगलं तर मला जगू देणार न्हाईत. पाय ऱ्हायला पायजे."

मी सर्जन. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात अशा न भरणाऱ्या जखमा बघतो. करायचं ते सगळं केलं होतं. साखर आटोक्यात आणली. पायाचा रक्तपुरवठा तपासला, चांगला होता. हाडापर्यंत काही गेलेलं नव्हतं. मेलेला भाग कापून काढला. तळव्यावर भार येऊ नये म्हणून काढता-घालता येणारा खास बूट दिला. आणि रेघ तिथेच.

याच सुमाराला ट्रस्टच्या चेअरमनसाहेबांनी आमच्या ड्रेसिंग रूमचं नाव बदलून 'प्रगत जखम पुनरुज्जीवन केंद्र' केलं. बोर्ड पितळी होता. आतला गळका नळ तोच होता. ते स्वतः बघायला आले.

"डॉक्टर, ती महागाची जेल आलीय ना? लावा की. उद्घाटनाला एक बरा झालेला पेशंट स्टेजवर पाहिजे."

"लावली, साहेब. उपयोग झाला नाही."

"का?"

"खाऊन टाकली."

"कुणी? पेशंटनं?"

"जखमेनं."

ते माझ्याकडे काळजीने बघत राहिले. मग मला समजावून सांगावं लागलं. साहेब मनाने चांगले आहेत. फक्त कुठल्याही गोष्टीवर फीत दिसल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नाही.

आपण समजतो की जखम भरते म्हणजे खड्डा बुजतो. तेवढंच नाही. कडेच्या कातडीतल्या पेशींना त्या खड्ड्याच्या तळावरून सरपटत पलीकडे जावं लागतं. पेशी हवेत लटकलेल्या नसतात. त्यांच्याभोवती कोलॅजन आणि इतर प्रथिनांचं एक जाळं असतं आणि पेशी त्याला घट्ट धरून बसलेली असते. इतकी घट्ट, की हलायचं म्हटलं तरी हलता येत नाही. म्हणून चालायच्या आधी ती काही एन्झाइम सोडते. ही एन्झाइम म्हणजे जाळं कातरणाऱ्या कात्र्या. त्यांच्या मध्यभागी जस्ताचा अणू असतो, त्यामुळे त्यांचं नाव धातूवरून पडलंय, ते लांबलचक आहे आणि इथे त्याची गरज नाही. कात्री लागली की कोलॅजनचा आकार बदलतो, पेशीची पकड ढिली होते, ती एक पाऊल पुढे टाकते. पुढे परत धरते, परत कातरते. मागे नवं जाळं विणलं जातं. कातरणं, सरकणं, विणणं.

म्हणजे कात्री नसेल तर पेशी जागची हलत नाही. पण कात्र्या फार झाल्या तर पाऊल टाकायला जाळंच उरत नाही. जुन्या जखमेत हेच होतं. सूज धुमसत राहते, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि वाट्टेल तेवढी एन्झाइम ओततात. त्यांना आवरणारी प्रथिनं शरीर बनवतं, ती अपुरी पडतात. जेलमध्ये पेशींना 'वाढा' असा निरोप देणारी प्रथिनं होती. कात्र्यांनी निरोप्यालाच वाटेत कापून काढलं.

"म्हणजे जेल वाईट नाही," साहेब म्हणाले. जेल त्यांनी आणवली होती.

"जेल चांगली आहे, साहेब. शेजार वाईट आहे."

हेच चाचांना सांगायचं तर कात्रीचा उपयोग नव्हता. मी म्हणालो, "चाचा, मटण शिजत नसलं की कच्ची पपई लावतात ना?"

"लावत्यात. मी न्हाय लावत. ज्याला बोकड बघून घ्याय येत न्हाय त्यो पपई लावतो."

"बरं. पण लावली तर काय होतं?"

"बेतात लावली तर मऊ पडतंय. जास्त झाली तर लगदा. चमच्यानं खायाचं मग."

"तुमच्या जखमेत पपई जास्त झालीय. नवं मांस धरतंय आणि त्याचा लगदा होतोय."

जाणीव गेलेल्या पायाचं चाचांना कधी वाईट वाटलं नव्हतं, पण आपल्या अंगात कुणीतरी बेशिस्त आचारी घुसलाय हे त्यांना लागलं. "मग पपई कमी करा की," ते म्हणाले.

त्यासाठी मी जखमेत कोलॅजनचा तयार पडदा घालायला लागलो. एन्झाइमना खायला दुसरं काही दिलं की ती नव्या जाळ्याला सोडतात, एवढाच त्यातला विचार. आठवड्याने रेघ काढली. तिथेच.

मग एकदा बँडेज सोडताना मी गाठ बघितली. आमच्या सिस्टर बँडेजला गाठ मारत नाहीत, टोक चिकटपट्टीने बसवतात. ही गाठ होती, आणि खड्या मसाल्याची पुरचुंडी हंड्यात सोडताना बांधतात तशी आवळ, सुबक गाठ होती.

"चाचा, ही कुणी मारली?"

"मीच."

"का?"

"सोडल्यावर बांधाय नको व्हय?"

"सोडली कशाला?"

मी जरा कमी डोक्याचा आहे अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माणसं येत्यात की बघाय."

पुढचं चाचींनी सांगितलं. सकाळी तालमीतली माणसं. दुपारी भावकी. संध्याकाळी चाचांच्या हाताखाली शिकून मोठे झालेले आचारी. आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे आमच्याकडे खरंच बघायचं असतं. चहा होतो, तब्येत विचारली जाते, मग कुणीतरी म्हणतो, "बघू दे की." चाचा पट्टी सोडतात. पाहुणा वाकून बघतो, आपल्या मेव्हण्याची यापेक्षा मोठी होती असं सांगतो आणि समाधानाने जातो. चाचा घरातली कोरडी पट्टी गुंडाळून पुन्हा तयार.

"आलेल्या माणसाला बाहेरनं पट्टी दाखवून पाठवू व्हय?" चाचा म्हणाले. "इतक्या लांबनं येत्यात."

"लांबनं म्हंजे गल्लीतनं," चाची म्हणाल्या. "मी सांगून दमले. आता तुमी सांगा."

कोरडी पट्टी ओल्या जखमेला चिकटते. ओढली की कडेने निघालेल्या पेशी तिच्याबरोबर उपटून येतात. उपटलं की सूज, सूज आली की पांढऱ्या पेशी, त्या आल्या की एन्झाइमचा नवा लोंढा. मी एका हाताने आवरत होतो आणि उरलेली पेठ प्रेमाने सोडत होती. शिवाय पट्टी सोडायची म्हणजे बूट काढायचा, आणि काढलेला बूट पाहुण्याला दारापर्यंत पोचवताना कोण घालतो?

"आजपासून प्लास्टर," मी म्हणालो. "गुडघ्याखालपर्यंत. घरी सुटणार नाही, इथंच कापायचं."

"मग माणसास्नी काय दाखवू?"

"प्लास्टर दाखवा."

"प्लास्टरात काय बघायचं? ते क्रिकेट खेळताना पडलेल्या पोरालाबी असतंय."

त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. पाय काढायचा सल्ला सांगतानाही तो इतका उतरला नव्हता. आलेल्या माणसाला रिकामं पाठवायची त्यांना सवय नव्हती. हंड्यातलं असो की पायातलं. मी थोडा विचार करून म्हणालो, "दर आठवड्याला प्लास्टर बदलताना मी फोटो काढून देतो. मोठा करून दाखवता येईल. उघड्या डोळ्याला दिसत नाही तेही दिसेल."

चाचांनी चाचींकडे पाहिलं. चाचींनी फोन पुढे केला. सौदा झाला.

पहिलं प्लास्टर कापलं तेव्हा मी रेघ मारायच्या आधीच कडेवर मोत्यासारखी फिकट, पातळ झालर दिसली. प्लास्टिक ठेवलं. नवी रेघ जुन्या रेघेच्या आत होती.

"ही पांढरी काय?" चाचांनी फोटोत बोट दाखवलं.

"चालायला लागलेल्या पेशी."

"किती हळू चालत्यात ओ."

"पपई बेतात लावत पुढं जायचं म्हणजे वेळ लागतो."

पुढच्या आठवड्यांत झालर रुंद होत गेली. पेठेत फोटो ओळीने बघितले जाऊ लागले. प्लास्टर बदलायच्या दिवशी चाचांना आधी पेठेतून फोटोसाठी फोन यायला लागले, मग चाचा आत यायचे. पाहुणे पूर्वीपेक्षा वाढले, पण आता सगळे फोनच्या काचेवरूनच बोट फिरवत होते.

जखम मिटली त्या दिवशी चाचा म्हणाले, "अजून एक आठवडा ऱ्हाऊ दे की प्लास्टर. जयसिंगपूरचं पावणं यायचं हायत. नुसता पाय बघून म्हंतील, ह्यांना झालंय तरी काय."

मी ऐकलं नाही. नवी कातडी जुनीइतकी मजबूत कधीच होत नाही, म्हणून भार विभागणारं खास पायताण करून दिलं आणि हंड्यापाशी उंच स्टुलावर बसायचं कबूल करून घेतलं. बसून हुकूम सोडणं उभं राहून सोडण्यापेक्षा जोरात होतं, असा चाचींचा अनुभव आहे.

उद्घाटन ठरल्याप्रमाणे झालं. चाचा स्वतःच्या दोन्ही पायांवर स्टेजवर चढले. चेअरमनसाहेबांनी जेलचं कौतुक केलं आणि माइक चाचांसमोर धरला. पुनरुज्जीवनाच्या या प्रवासाबद्दल दोन शब्द.

"काय न्हाय," चाचा म्हणाले, "डॉक्टरांनी झाकून ठिवला."

सगळ्यात आधी टाळी साहेबांनी वाजवली.

आता नवा पेशंट आला की साखर, रक्तदाब, तंबाखू विचारून झाल्यावर मी एक प्रश्न जास्तीचा विचारतो: घरी बघायला किती माणसं येतात? बहुतेक जण अभिमानाने मोठा आकडा सांगतात, आणि मी प्लास्टर भिजत घालायला सांगतो. कधीतरी कुणी म्हणतं, कोण येत नाही. अशांची जखम मी स्वतःच जरा जास्त वेळ बघतो.