बसले का, मामाजी?

चहा पिता पिता आयका. रस्त्यावरच्या देवाची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा हाय. म्हणजे कोंबडा जरा लहान असन. बाकी सारं खरं.

मिलिटरीच्या लिलावातली फटफटी मी नागपुराहून आणली, तेव्हा कामठ्याच्या झिंगरूजीकडं माझ्या सोयरीकीची बोलणी चालू होती. पोरगी मले पसंत, मी पोरीले पसंत. पण झिंगरूजीले, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्याले, मामाजीले, ना मी पसंत ना फटफटी. त्यात मी गावात मस्करीखोर म्हणून नावाजलेला.

"पोरीले हिच्यावर बसवशीन अन् कुठंतरी पाडून येशीन," मामाजी म्हणाले. "तुले कळनार बी नाही. आधी मले दरेकश्याचा घाट उतरवून दाखव. धड उतरलो तं पोरगी तुही."

निघालो. मामाजीनं माझा सदरा मुठीत धरला, शर्यतीतल्या पटाच्या बैलाचा कासरा धरावा तसा.

"धूर काऊन सोडून राहिली?"

"गरम झाली, मामाजी."

"मंग कायले हाकलून राहिला? ब्रेक हाय ना?"

"हाय."

"दाखव."

दाखवला. मामाजीचं नाक माझ्या पाठीत गेलं.

घाटमाथ्यावर दगडांचा एक ढीग हाय, तोच रस्त्याचा देव. येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक दगड ठेवायचा अन् उतार सरेपावतर मागं वळून पाहायचं नाही, अशी रीत. मामाजी उतरले. मी बसूनच राहिलो, कारण फटफटी एकदा बंद पडली की तिची मनधरणी करण्यात दिवस जाये.

"दोघाच्या नावानं दगड मीच ठेवतो," मामाजी म्हणाले. "पन ध्यानात ठेव. मागं पाहशीन तं सोयरीक मोडली."

जराशानं मागं वजन पडलं.

"बसले का, मामाजी?"

"हव."

सोडली गाडी. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला बांबू, खाली पळस पेटल्यासारखा फुललेला. तिकडं लक्ष कोणाचं?

"भेव लागते का, मामाजी?"

"हव."

"हळू घेऊ?"

"हव."

"का जोरात घेऊ?"

"हव."

आता तुम्हीच सांगा, संशय येईन का नाही? सकाळपासून दर गोष्टीले फाटे फोडणारा माणूस एकाएकी इतका कबूल कसा? मग बिडीचा धूर आला. मामाजी तं बिडीच्या वाऱ्याले उभे राहत नव्हते. मी म्हटलं, समजलो. ही परीक्षा हाय. बुढ्याले मले मागं पाहायले लावाचं हाय.

तेवढ्यात कानाशी कोंबडा आरवला.

घाटावर यांनी कोंबडा कुठून आणला असन? पण ज्याले पोरगी द्यायची हाय, तो तयारीनंच येते. कोंबड्यानं मानेत चोच मारली. मी समोर पाहून राहिलो. परत मारली. मी समोरच.

"मामाजी, पोरगी मलेच देता ना?"

"हव."

खाली दरेकसा स्टेशनापाशी गाडी थांबवली अन् पाया पडायले वळलो. मागं एक अनोळखी बुढा. तोंडात बिडी, काखेत कोंबडा.

"तुम्ही कोन?"

"बाजारले चाललो. तू थांबला, मी बसलो."

"मग सारखं हव-हव काऊन म्हणत होते?"

"तुह्या फटफटीत आयकू काय येते, बाप्पा? नाही म्हटलं असतं तं उतरवलं असतंस."

"अन् पोरगी देतो म्हटलं ते?"

"मले पोरगी नाही."

घाट परत चढलो. मामाजी चांगले दगड पाहायले झाडीत गेले होते, तेवढ्यात मी निघालो होतो. आता ते ढिगापाशी मांडी घालून बसले होते. दोन्ही दगड अजून मांडीवर.

"पाडलं तं नाही ना तुम्हाले?" मी म्हटलं.

"बसवलंच नाही तं पाडशीन कसा? आता पोरगी त्याले माग, ज्यानं हव म्हटलं."

अन् एका बैलबंडीवाल्याले थांबवून त्याच्या बंडीत बसून गेले.

पोरगी आमगावच्या एका मास्तरले दिली. वरातीले फटफटी मात्र माझीच मागवली, नवरदेवाले हौस होती. मामाजीनं बजावलं, "या खेपेस मागं पाहत जाय."

पाहत गेलो. दर वळणावर पाहिलं. रस्ताही खड्ड्याखड्ड्याचाच धरला. पण मास्तर मोठा चिवट, शेवटपावतर बसूनच होता.

हसून झालं असन तं चहावाल्याकडं पाहा. तो तुमच्याकडंच पाहून राहिला. काढा पैसे, अन् माझा कपही त्यातच धरा.