नव्या रॅमची बाजू

बाकीच्यांच्या घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात पापड-कुरडया असतात. आमच्या घरी तिथे पत्रकांचे गठ्ठे असतात. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. शाळेतलं 'कमळ' आणि 'बदक' वाचता यायच्या आधी मला 'जागे व्हा' वाचता येत होतं. बाबा शेती करतात आणि पत्रकं काढतात. दोन्हींतलं मुख्य काम कोणतं, हे आईला विचारलं तर ती हसते.

पत्रक दुसऱ्याच्या टेबलावर तयार होत असेल तर त्यात दुसऱ्याची भीती शिरते, असं बाबांचं मत. म्हणून आमच्याकडे कम्प्युटर आला. जुनाच, पण आमचा. मधल्या खोलीत तो चौकटीचा टॉवेल पांघरून बसलेला असतो. फार हळू चालायचा. मग बाबा हिंगोलीला गेले असताना एका बंद होणाऱ्या सायबर कॅफेतल्या मशीनमधली रॅमची पट्टी घेऊन आले आणि जुन्या पट्टीशेजारी त्यांनी ती स्वतःच बसवली. मशीन पळायला लागलं. बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

हे सगळं हळद शिजवायच्या दिवसांत. त्या दिवसांत आमच्या भागात प्रत्येकाची बोटं पिवळी असतात, आणि आमच्या कीबोर्डाची बटणंही.

आई घरच्या वाफ्यातली मेथी, वांगी, मिरच्या घेऊन शेजारच्या गावच्या आठवडी बाजारात बसते. तिची जागा कडुलिंबाखाली, आणखी पुष्कळ बायकांबरोबर. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर बातमी आली की झाडाखालची जागा गाड्या लावायला देणार आणि भाजीवाल्या बायकांना रस्त्यापलीकडे नालीच्या कडेला बसवणार. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती, निर्णय तिथे व्हायचा होता. आमच्यासारख्या बाहेरगावच्यांना त्या सभेत मत नव्हतं. ज्यांना मत होतं ते सगळे बाजारात भाजी घ्यायला यायचे. त्यांच्या हातात पत्रक पडणं, हा एवढाच एक रस्ता होता.

आणि हे पत्रक आईचं होतं. आजवरची सगळी बाबांची. या वेळी तिनं सांगितलं, जागा माझी जाणार आहे, तर बोलणार मीच. ती सांगत गेली, मी टाईप केलं. वर झाडाखालच्या बायकांचा मोठा फोटो टाकला. बाबांनी मधेमधे भर घातली. पत्रक लांबलं.

बाजाराच्या आदल्या सकाळी शेवटचा हात फिरवायला फाईल उघडली आणि पडदा निळा झाला. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. फाईल उघडली, पुन्हा निळा. नुसतं कॅल्क्युलेटर उघडलं तर निवांत चालायचं. फोटोची फाईल उघडली की जीव टाकायचं.

छापखान्यावाले भाई हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र, बाबांना ते 'पुढारी'च म्हणतात. त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं की त्यांचा टाईप करणारा माणूस लग्नाला गेलाय, त्यामुळे मोबाईलवर मजकूर पाठवून काही उपयोग नाही. त्यांच्या फॉन्टमध्ये जुळवलेली तयार फाईल दुपारपर्यंत आली तर छापतो, नाहीतर मशीन दुसऱ्याच्या लग्नपत्रिकांना दिलेलं आहे.

आता कोणत्याही शहाण्या घरात अशा वेळी कोणीतरी स्क्रूड्रायव्हर शोधला असता. आमच्या घरात बैठक झाली.

आमच्याकडे प्रत्येक गोष्ट बैठकीत ठरते, म्हैस विकायची की ठेवायची हेसुद्धा. बाबा अध्यक्ष असतात. दोष कशात आहे यावर मतं मागवली. बाबा म्हणाले, करंट. सगळ्या शिवारात मोटारी चालू आहेत, व्होल्टेज टिकत नाही. मी म्हणाले, व्हायरस. आईनं सांगितलं, ती नवीन पट्टी. तिघांची तीन मतं झाली. तेव्हा बाबांनी अध्यक्षाचं जादा मत करंटला दिलं.

"अध्यक्षाला दोन मतं कोणी दिली?" आईनं विचारलं.

"नियम हाय."

"मग मशीनला बी सांगा तो नियम."

बाबांचा राग मतावर नव्हता, आईनं पट्टीचं नाव घेतलं यावर होता. ते उठून उभे राहिले. घरात उभं राहून बोलायची त्यांची सवय आहे.

"बघ, जुना बोर्ड, जुनी वायर, जुना पंखा, समदे सोडून बोट कुणाकडं? जो काल आला त्याच्याकडं. गावात चोरी झाली की असंच. पालावरच्या माणसांना आधी धरतेत. बाहेरून आला, हा काय पुरावा झाला?"

यावर बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली आहेत, आणि मी ती वाटली आहेत. मलाही आईचं म्हणणं पटलं नाही. नवी पट्टी बसवल्यानंतर कितीतरी दिवस मशीन नीट चाललं होतं, हेही मी बाबांच्या बाजूनं मांडलं.

"अहो, ती पट्टी हाय," आई म्हणाली. "तिला ना लेकरं ना पाल. काढून बघायला काय जातंय?"

पण ठराव झाला होता. शेजारच्या चाचींकडे इन्व्हर्टर आहे. बाबांनी सीपीयू खांद्यावर घेतला, मी मॉनिटर पोटाशी धरला, आणि आम्ही गल्लीतून निघालो. चाची दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "बारात किधर की?" त्यांच्या इन्व्हर्टरवर दिवा जराही थरथरत नव्हता. फाईल उघडली. निळा पडदा चाचींच्या घरातही तितकाच निळा होता.

परत आलो. मग माझं मत. व्हायरस शोधायला लावला. थोडं शोधून झालं आणि मशीन मधेच मेलं. व्हायरस सापडला की नाही हे सांगायलासुद्धा ते शिल्लक राहिलं नाही.

 आई शिलाई मशीनच्या खणातून स्क्रूड्रायव्हर घेऊन आली, टेबलावर ठेवला आणि मेथी निवडायला बसली. उद्या पत्रक निघो न निघो, बाजार होताच.

मी प्लग काढला. बाबांना हळदीचे हात धुवायला लावले. झाकण काढलं, लोखंडाला हात लावून अंगातला करंट उतरवला. आत शेजारी शेजारी दोन हिरव्या पट्ट्या. मी नवीला हात घालणार, तेवढ्यात बाबा म्हणाले की हे एकतर्फी आहे. तपासायचं तर दोघींना तपासा, एकाच खाचेत, एकच परीक्षा. खरं सांगायचं तर तपासायची रीत तीच असते. फक्त बाबा ती न्यायासाठी मागत होते.

विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय असते. मशीन सुरू होतानाच ते पट्टीचा कोपरा न् कोपरा चाचपतं, लिहून बघतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. आधी जुनी एकटी बसवली. ती म्हातारीसारखी सावकाश, पण पास झाली. मग तिच्याच जागी नवी. बराच वेळ सगळं ठीक होतं. बाबा माझ्याकडे, मग आईकडे बघायला लागले. आणि अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पडद्यावर ओळ उमटली की हार्डवेअरमध्ये दोष सापडला आहे.

तेव्हा इतके दिवस ती चालली कशी, हे माझ्या लक्षात आलं. दोष पट्टीच्या पार आतल्या अंगाला होता. छोट्या कामात मशीन तिथवर जातच नसे. आईचा मोठा फोटो, फॉन्ट, पान, सगळं एकदम उघडलं तेव्हा तिथवर जागा लागली, आणि तिथे लिहिलेलं तसंच परत येत नव्हतं.

बाबांनी तरीही वेळ मागितला. टोकं मळली असतील. मी खोडरबर घेऊन पट्टीची सोनेरी टोकं घासली, फुंकर न मारता कापडानं पुसली. पुन्हा दोष. दुसऱ्या खाचेत बसवली. पुन्हा दोष. मधे भाईंचा फोन येऊन गेला. ते विचारत होते की पुढारी, मशीन रिकामं ठेवून बसलोय, येता की लग्नपत्रिका लावू?

"झाली का केस तुमची?" आईनं खालूनच विचारलं.

बाबांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "तिला बाजू मांडायला मिळाली. आता मान्य."

"मला काहून न्हाई मिळाली मग सकाळी?"

बाबा पट्टीची टोकं उगाच पुन्हा पुसायला लागले, आणि मला हसू आवरेना. मग आईही हसली, आणि शेवटी बाबा. बाहेरच्यावर पुराव्याशिवाय संशय घेऊ नये हे मला आजही शंभर टक्के मान्य आहे. पण तपासायचंच नाही, ही त्याच्यावर केलेली दया नसते, आणि खरं बोलणाऱ्याचं त्यात नुकसान होतं.

जुन्या पट्टीवर फाईल उघडली. फोटो शाबूत होता, पण खालच्या अर्ध्या मजकुराचे चौकोन झाले होते. पेनड्राईव्हवर आधी काढून ठेवलेल्या प्रतीत तो भाग नव्हताच. आता दुपार कलायला लागली होती. आईनं हातातली जुडी खाली ठेवली आणि पुन्हा सांगायला सुरुवात केली.

"लिव्ह. आमी झाडाखाली बसतो म्हणून तुमची भाजी हिरवी राहती. आमाला नालीवर बसवलं तर तुमी नालीवरची भाजी खाताल. उद्याच्या सभेत हात वर करायच्या आधी आजचं कालवण आठवा."

बाबांनी तोंड उघडलं. 'व्यवस्था' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला.

"न्हाई," आई म्हणाली. "आता मशीन हळू झालंय. लांब वाक्यं त्याला झेपायची न्हाईत."

एवढंच पत्रक झालं. पहिल्यापेक्षा निम्मं, आणि दुप्पट चांगलं. मी गाडीवर पेनड्राईव्ह घेऊन निघाले. भाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि हे पुढाऱ्यानं लिहिलेलं नाही, असं लगेच सांगितलं. गुलाबी कागदावर छापलं, कारण लग्नपत्रिकांचा तोच कागद तिथे उरलेला होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात बायकांनी ते पत्रक वाटलं नाही. त्यांनी त्यात मिरच्या बांधून दिल्या. कोणी घ्यायला नाही म्हणूच शकत नव्हतं. घरोघरी पुड्या सुटल्या आणि कागद वाचले गेले. सभेला इतकी माणसं आली की ती शाळेच्या अंगणात घ्यावी लागली. मतदान करायची वेळच आली नाही. पहिल्याच माणसानं उठून कालवणाचा विषय काढला, हशा झाला, आणि गाड्यांना रस्त्यापलीकडची जागा ठरली.

पुढच्या बाजारी आई नेहमीच्या वेळेला पोचली. झाडाखाली तिच्या जागेवर कोणाची तरी मोटारसायकल उभी होती. तिनं हॉटेलात चहा पीत बसलेल्या मालकाला हाक मारून ती पलीकडे न्यायला लावली, पोतं अंथरलं आणि वांगी मांडायला घेतली.