गुणाजी पाटलांचा शब्द

गुणाजी भाऊंचा मला राग येतो. अजून येतो. पण दुसरं कोणी त्यांच्याविषयी वाकडं बोललं की मी आधी त्याच्यावर तुटून पडते, आणि मग घरी येऊन पुन्हा भाऊंवर चिडते.

मी खडवलीहून आत, भातसा नदीच्या कडेला असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. राहायला कल्याणला. भाऊ या गावचे पोलीस पाटील. शहरातल्या माणसाला हे पद समजावून सांगावं लागतं, कारण तो ना पोलीस असतो ना पाटील. सरकारने नेमलेला गावातलाच माणूस. मारामारी झाली, नदीत पोहायला आलेला कोणी बुडाला, गावात परका कोणी राहायला आला, की पोलीस स्टेशनला कळवायचं, हे त्याचं काम. बाकी वेळ भाऊ भातशेती करायचे आणि लोकांना उपदेश करायचे.

त्यांची एक रीत होती. गावातल्या कोणी काही केलं, दारू पिऊन कोणाचं डोकं फोडलं, कोणाचा बांध कोरला, तर भाऊ त्याला आधी घरी बोलावून जेवू घालायचे. तांदळाची भाकरी, वालाची आमटी. उपाशी माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मग त्याला आपल्या मोटरसायकलवर मागे बसवून स्वतः स्टेशनला न्यायचे. "जे झालं ते सगळं खरं सांग. बाकी माझा शब्द हाय." साहेबांच्या टेबलाशी भाऊ हात जोडून उभे राहायचे, साहेब त्या माणसाला दोन शिव्या घालायचे, एखादी कानाखाली द्यायचे, आणि संध्याकाळी दोघं परत यायचे. भाऊंच्या काळात गावातून कोणाला उचलायला पोलिसांची गाडी आली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; आमचे भाऊ चपला काढून चढायचे, असं मी त्यांना चिडवत असे. ते हसायचे. "खऱ्याला कसलं भ्या, बाई?"

आता शांताबद्दल सांगते. ती गावात आली तेव्हा मी नुकतीच या शाळेवर रुजू झाले होते. नदीकाठच्या फार्महाऊसांच्या बाजूने भाऊंच्या शेतात शिरली, अंगात ताप, पोट दिसायला लागलेलं. कोणाशी बोलेना. भाऊंच्या बायकोने, रंगूबाईने, तिला पडवीत निजवलं. बोलतच नाही म्हणून गावाने तिचं नाव शांता पाडलं, आणि पुढे ती बोलायला लागली तरी तेच राहिलं. मुलगी झाली ती याच पडवीत. संचिता हे नाव मात्र तिने स्वतः ठेवलं. रंगूबाईला मूलबाळ नव्हतं. तिने त्या दोघींना जे धरलं ते धरलंच.

हळूहळू सगळं कळलं. शांता बांगलादेशातली. तिच्या गावातल्या एका दलालाने मुंबईत शिवणकामाची नोकरी देतो म्हणून तिला अंधारात सीमेवरच्या नदीपार आणलं. नोकरी कसली, कल्याणला एका खोलीत कोंडलं आणि तिथून फार्महाऊसवर पाठवायला लागले. एके दिवशी कुंपणाला भगदाड सापडलं, म्हणून ती सुटली. हे भाऊंना, रंगूबाईला आणि मला ठाऊक होतं. गावालाही असणार, पण कोणी विचारत नव्हतं. लावणीला तिचा हात रंगूबाईपेक्षा चपळ चालायचा. भाऊबीजेला ती भाऊंना ओवाळायची. गावची बोली तर अशी उचलली की माझी पुस्तकी मराठी ऐकून तीच पदर तोंडाला लावून हसायची. परका माणूस आला की कळवायचं, हे भाऊंचं काम होतं हे मला मान्य आहे. पण ती परकी आहे, हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं.

मग ती मोहीम आली. बांगलादेशी शोधा, सीमेपार पाठवा, असा वरून हुकूम. टीव्हीवर रोज तेच. तालुक्याला सगळ्या पोलीस पाटलांची बैठक झाली. कोणाच्या गावात कोण राहतं ते सांगा, लपवलंत तर तुमच्यावरही गुन्हा, असं तिथे सांगितलं. तरीही भाऊंनी शांताबद्दल कळवलं नसतं, असं मला वाटतं. पण त्याच आठवड्यात शांता बाजाराला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. खडवली स्टेशनच्या बाहेर तिला तो दलाल दिसला होता. त्याच्याबरोबर दोन मुली होत्या, एकीच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. मुलींना त्याने एका गाडीत घातलं आणि गाडी नदीच्या बाजूला गेली.

रंगूबाईने तिला पाणी दिलं. भाऊ मात्र उठून उभे राहिले. त्यांना वाट सापडली होती. शांताने स्वतः जाऊन सगळं सांगायचं, दलाल दाखवून द्यायचा, त्या मुली सोडवायच्या. जिला विकली तिच्या बाजूने सरकार उभं राहणार नाही तर कोणाच्या? मग तिला लपूनही राहायला नको, आणि आपल्या मानेवरचं ओझंही उतरेल.

रंगूबाई चुलीपुढून म्हणाली, "तुमचा शबूद गावात चालतो. गावाबाहेर तुमाला कोन इचारतो? ऱ्हाऊ द्या."

"साहेब चांगला माणूस हाय," भाऊ म्हणाले.

"तिला काय होतंय ते बघा. साहेबाचं मला नका सांगू."

शांता म्हणाली, "भाऊ बोलतान तर जाऊ. त्या पोरी लई लहान हायत." तिला जेवू घातलं. संचिता तेव्हा शाळेत माझ्यासमोर पाढे म्हणत होती. भाऊंनी मला विचारलं असतं तर मी आडवी पडले असते. त्यांनी विचारलं नाही.

पुढचं मला भाऊंनीच सांगितलं, शाळेच्या ओट्यावर बसून, नजर वर न करता. साहेब खरंच चांगला. तरुण होता, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. शांताने पहिल्यापासून सगळं सांगितलं. दलाल कसा दिसतो, गाडी कुठल्या रंगाची, कुठे वळली. साहेब लिहून घेत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे तू बांगलादेशची?"

"हा."

"कागद काही?"

"नाय."

साहेबाने पेन खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन फोन केला. परत आला तो एका महिला शिपायाला घेऊन. भाऊ उभे राहिले. "साहेब, ही फिर्याद द्यायला आली आहे. मी आणलीय."

"पाटील, बसा. आधी ती आरोपी आहे. फिर्यादीचं नंतर बघू."

"मी शब्द देतो साहेब तिच्याबद्दल."

"शब्दाचं नाही हो हे. वरून आलंय." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "तुम्हीच घेऊन आलात ते बरं केलंत. नाहीतर आसरा दिला म्हणून तुम्हालाही घ्यावं लागलं असतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसरं काय म्हणायचं याला?

मग शेवटचा प्रश्न आला. "मुलंबाळं?"

शांताने भाऊंकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "नाय." सगळं खरं सांगायचं, हा भाऊंचा कायदा, तिने तो तिथे त्यांच्यादेखत मोडला. साहेबाने मान वळवली. "पाटील, बरोबर?" इतक्या वर्षांत त्या टेबलाशी भाऊ एकदाही खोटं बोलले नव्हते. ते म्हणाले, "बरोबर, साहेब. एकटीच आहे."

संध्याकाळी ते गाडीवर एकटेच परत आले. त्या दिवसापासून रंगूबाई त्यांच्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बस. दोन दिवसांनी शिपाई पडवी बघायला आले तेव्हा संचिता दारात होती. "ही कोण?" रंगूबाई म्हणाली, "माजी नात." शेजारच्या घरातून कोणीतरी म्हणालं, "पाटलाची नात हाय ती." साऱ्या गावाने एका आवाजात खोटं बोलायचं ठरवलं, आणि त्यासाठी कोणाला बैठक घ्यावी लागली नाही. मीही शाळेत तोंड शिवून घेतलं.

मी भाऊंना ठाण्याला घेऊन गेले. माझ्या मावसबहिणीची मुलगी क्षिप्रा तिथे वकिली करते. खोपटच्या डेपोजवळ एका हॉटेलात आम्ही तिला भेटलो. तिने भाऊंना समजावलं. विकल्या गेलेल्या बाईला गुन्हेगार धरू नये, तिला आश्रयगृहात ठेवावं, असं सरकारचंच धोरण आहे. पण त्यासाठी आधी ती विकली गेली असं कोणीतरी ठरवावं लागतं, आणि हल्ली ते ठरवायला कोणाला वेळ नाही. आधी पाठवा, असं चाललंय.

"काहीच करता यायचं नाय?" भाऊंनी विचारलं.

"मुलगी आहे असं कोर्टाला सांगू शकतो. कदाचित थोडे दिवस थांबवतील. पण मग मुलगीही त्यांच्या हातात जाईल. ती इथे जन्मली, तरी आई कागदाशिवाय आलेली. त्यामुळे कायद्याने तीही इथली नाही. बालगृहात ठेवतील, नाहीतर आईबरोबर तिकडे पाठवतील. तिकडे तिचं कोण आहे?"

कोणी नव्हतं. शांताच्या माणसांनी तिला मेलेलीच समजलं असणार. भाऊंच्या समोरचा चहा गार झाला. कोर्टात शांताला आणलं तेव्हा भाऊ दारापाशी उभे होते. तिने त्यांना पाहिलं आणि मान हलवली. नको. एवढंच. भाऊंनी तोंड उघडलं नाही. पुढे तिला कुठे नेलं हे क्षिप्रालाही नीट कळलं नाही.

पंधरा ऑगस्टला तालुक्याला भाऊंचा सत्कार झाला. मोहिमेला उत्तम सहकार्य केल्याबद्दल शाल आणि श्रीफळ. मी म्हटलं, जाऊ नका. पण त्यांना साहेबाला भेटायचं होतं. सगळ्यांच्या टाळ्या चालू असताना, हातात नारळ धरून, त्यांनी विचारलं, "साहेब, त्या दलालाचं काय झालं? त्या दोन पोरींचं?" साहेब फोटोसाठी हसत म्हणाला, "चौकशी चालू आहे, पाटील." शाल त्यांनी घरी आणलीच नाही. खडवलीच्या फाट्यावर एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला दिली, आणि गावात राजीनाम्याची भाषा करायला लागले. मीच त्यांना थांबवलं. नवा पोलीस पाटील आला आणि त्याने संचिताबद्दल कळवलं तर?

आणि मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत, भाऊंना फोन आला. अनोळखी, लांबलचक नंबर. भाऊ शाळेत होते, संचिताचा डबा घेऊन आलेले. फोनवर शांता होती. तिला आणखी बऱ्याच जणांबरोबर सीमेवर नेऊन, चिखलातून पलीकडे ढकललं होतं. ती एका बाजारात भांडी घासत होती. संचिता आहे का, एवढंच तिने आधी विचारलं. मुलीने फोन घेतला आणि ती नुसती श्वास घेत राहिली. मग शांता म्हणाली, भाऊंना दे.

तो दलाल तिला तिकडे भेटला होता. तोच. वारंवार ये-जा होती त्याची. तो म्हणाला, परत नेतो. पैसे नकोत, मुंबईत काम करून फेड.

कसलं काम, हे भाऊंना कळलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. शांतालाही ते माहीत होतं, त्यांच्या आधीपासून. ती म्हणाली, "भाऊ, एकदा तिकडं पोचले ना, की मी पळेन. मागं पळाले होते नाय का? त्याचा नंबर लिवून घ्या."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून उभी होती. ते फोनमध्ये म्हणाले, "जपून ये."

मी नंतर त्यांना फार बोलले. नको म्हणायचं होतंत, कोणत्या तोंडाने ये म्हणालात? तुम्ही पोलीस पाटील आहात का त्या दलालाचे भाऊबंद? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पोरगी समोर होती, बाई," ते म्हणाले.

दिवाळीच्या आधी निघते म्हणाली होती. दिवाळी झाली, भाऊबीज झाली. तिचा तो लांबलचक नंबर बंद आहे. हरवली म्हणून तक्रार द्यायची तर कुठे, आणि कोणाची? सरकारच्या लेखी ती इथून गेली, तिकडच्या लेखी ती तिथे होती की नाही कोण जाणे, आणि मधली वाट तर कोणाच्याच लेखी नाही. सीमेवर धरली गेली असेल, नदीत गेली असेल, कुठल्यातरी खोलीत कोंडलेली असेल. यातलं कोणतं बरं, असा विचार मी करते आणि मला स्वतःची किळस येते.

काल भाऊ शाळेत आले. मुलं आत प्रार्थना म्हणत होती. म्हणाले, "बाई, तुमच्या फोनवरनं त्या दलालाला एकदा लावून बघता? माझा नंबर बघून उचलत नसेल." मी नाही म्हणणार होते. पण लावला. बराच वेळ वाजला, आणि मग एका पुरुषाने हिंदीत विचारलं, "कौन?"

भाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला, सवयीने चपला काढल्या, आणि दोन्ही हातांनी तो कानाशी धरून म्हणाले, "साहेब, आमची शांता कुठपर्यंत आली?"