उभ्याउभ्या संपवलेला प्रसाद

थाटीपुरातल्या मंदाताईंना नवरा म्हणजे डोक्याला ताप. संभाजीरावांची तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सहा पूर्णांक एक आली, तर या गृहस्थांनी घरी येताना पेढ्यांचा पुडाच आणला!

"अगं, डॉक्टर बॉर्डरवर आहे म्हणाल्या. शुगर थोडीच निकली आहे! देवापुढे ठेव."

मंदाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर अपर्णांनी इतकं समजावलं होतं, की हा मधुमेह नाही, पण त्याच्याच वाटेवर आहात. आत्ता चाललात, वजन उतरवलंत, तर मागे फिरता येईल. नाहीतर डोळे, मूत्रपिंड, पाय, सगळ्यांवर बेततं. थोरले दीर जयसिंहराव हे असंच हसण्यावारी नेत राहिले आणि पायाचा अंगठा गमावून बसले. नवऱ्याचं तसं होऊ द्यायचं नाही, असं मंदाताईंनी ठरवूनच टाकलं.

मग काय! सकाळी त्यांना ढकलून फिरायला पाठवायचं, चहा बिनसाखरेचा, भात मोजका. पण गुरुवारी दत्ताला शिरा, संकष्टीला मोदक, शिवाय शेजारपाजारचं आलेलं गोडधोड. प्रसादाला नाही म्हणायचं नाही आणि टाकायचा तर मुळीच नाही. संभाजीरावांच्या हातावर त्या कणभर ठेवत आणि उरलेली वाटी ओट्यापाशी उभ्याउभ्या स्वतः संपवत. फिरायला त्यांना सवड कुठली? स्वयंपाक, पूजा आणि नवऱ्यावर पहारा!

तीन महिन्यांनी संभाजीराव पाच पूर्णांक आठवर आले. मंदाताईंना कोण आनंद! तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "काकू, तुमची तपासणी कधी केली होती?"

"माझी? आमच्या गरिमाच्या वेळी दिवस होते तेव्हा, तीस वर्षं झाली. साखर वाढली होती थोडी. नंतर उतरली."

"आणि मग तीस वर्षांत एकदाही नाही? अहो, तेव्हा वाढली असेल तर पुढे धोका जास्त असतो. आजच रक्त देऊन जा."

दोन दिवसांनी कागद घेऊन दोघं परत गेले. सहा पूर्णांक तीन.

मंदाताईंचा असा संताप झाला! पण चिडायचं कुणावर? नवऱ्यावर, शिऱ्यावर, की स्वतःवर? आता हे चेष्टा करणार म्हणून त्यांनी आधीच डोळे वटारले. पण संभाजीराव पेशंटच्या खुर्चीवरून उठले.

"डॉक्टर, आधी हिचं बघा."

इतक्या खेपांत मंदाताई त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसल्या.