उइपिलची गोधडी

सुचित्राचा एक ठाम समज होता: लाडक्या माणसाचं जुनं कापड मिळालं की त्याची गोधडीच व्हायला हवी. परदेशात, डँडेनॉन्गच्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला तिच्या शेजारी उभी राहणारी कतारीना ग्वातेमालाची, माया लोकांपैकी. तिने एक दिवस आपल्या आईचा उइपिल, म्हणजे कमरेला बांधायच्या मागावर विणलेली लालभडक सैल चोळी, सुचित्राच्या हातात ठेवली. "माझी लेक घालत नाही. तुझ्याकडे राहू दे."

सुचित्राला गहिवरून आलं. कतारीनाला नात होणार होती. सुचित्राने कौतुकाने कात्री काढली, उइपिलचे चौकोन कापले, खाली आपल्या मऊ साड्यांचे थर घातले आणि बाळासाठी गोधडी शिवली. पणजीच्या कपड्याची ऊब, याहून मोठी भेट कोणती?

कतारीनाने गोधडी उलगडली. कापलेल्या कडांवर तिची बोटं फिरत राहिली. मग ती सांगू लागली. स्पॅनिश आले, त्यांनी देव बदलले, नावं बदलली; बायकांनी मागावरची नक्षी मात्र सोडली नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी यादवीत सैनिक उइपिलवरून गाव ओळखून माणसं उचलायचे. तेव्हा आईने हा मक्याच्या शेतात पुरला, दुसऱ्या गावच्या बाईचे कपडे घालून डोंगर ओलांडला आणि परतल्यावर सगळ्यात आधी हाच उकरून काढला.

सुचित्राला आपली कात्री आठवली. स्पॅनिश राजाला जमलं नाही, सैन्याला जमलं नाही, ते आपण एका रविवारी चहा पीत पीत उरकलं!

"प्रेमाने केलंस ना, मग नो वरीज," घरी नवरा अजित म्हणाला.

"डोंबल तुझं नो वरीज!"

कतारीना रडली नव्हती, रागावलीही नव्हती. गोधडी तर घेऊन गेली होती. याचा अर्थ लावायचा तरी काय? शिफ्टला सुचित्राला मान वर करायचं धाडस होईना.

शनिवारी कतारीना दारात उभी. काखेत काठ्या आणि दोऱ्यांची गुंडाळी. त्या कमरेच्या मागाचं एक टोक तिने अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या खांबाला बांधलं, दुसऱ्या टोकाचा पट्टा सुचित्राच्या कमरेभोवती आवळला.

"ही शिक्षा आहे का?" सुचित्राने चाचरत विचारलं.

"गोधडी थंडीसाठी झाली. नात मोठी झाल्यावर तिला घालायला उइपिल लागेल. मला आता बारीक दिसत नाही. ताठ बस."

सुचित्रा ताठ बसली. आपल्याला माफ केलंय की अडकवलंय, तिला काही कळेना. पहिलाच धागा चुकला. कतारीनाने तो सोडवला आणि पुन्हा तिच्याच हातात दिला.