चौथा म्हणून नेलेला खडा

मी शिनोलीत वायरमन आहे. करंट डोळ्यांना दिसत नाही, पण टेस्टर लावला की दिवा लागतो. ज्याला टेस्टर लावता येत नाही ते मी मानत नाही, हा माझा आजवरचा नियम. गावात कुणाला लागीर झालं तरी "आधी डॉक्टरकडं न्या" म्हणणारा पहिला मीच. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण गोष्ट माझ्या सख्ख्या भावाची आहे... आणि चूक माझ्या हातची.

विकास माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला गळ टाकून बसायचं वेड. डिंभे धरणाचं पाणी घराशेजारी असून याला उत्तरेचं, मढकडचं पिंपळगाव जोग्याचं पाणी खुणावत होतं. तिकडे कटला मासा मोठा लागतो, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं. महिनाभर नुसतं प्लॅनिंग! मोबाईलवर ग्रुप काढला, त्यावर रोज नवी यादी. दोरी कुठली, गळाला लावायची पेंड कोण आणणार, कुठल्या काठाला बसायचं — सगळं याने एकट्याने ठरवलं. तिथल्या माणसाला फोन करून परवानगीही याने घेतली. जेवताना ताटातल्या आमटीत बोटाने धरणाचा काठ काढून दाखवायचा. आई म्हणायची, "एवढी धावपळ पोरगी बघाया केली असती, तर आत्ता धाकटी सून वाढत असती."

आम्ही चौघं जाणार होतो. मी, विकास, पारगावचा माझा साडू सुदाम आणि मामाचा मुलगा. आदल्या दिवशी मामाच्या मुलाची रजा नामंजूर झाली. उरलो तिघं.

आमच्याकडे तिघं मिळून बाहेर पडत नाहीत. पडावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा सोबत घेतात. तुमच्याही घरी कुणीतरी करत असेल. सकाळी आईने अंगणातला मुठीएवढा काळा खडा उचलला आणि माझ्या पिशवीत टाकला.

"चौघं चाललाय, चौघं माघारी या. त्याला तिकडं टाकून येऊ नगा."

"त्याला बी हेल्मेट घालू का?" मी म्हणालो. विकास खो खो हसला. त्याचं ते शेवटचं हसणं असेल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

सुदाम त्याच्या गाडीवर, विकास माझ्यामागे. जुन्नर, ओतूर करत दहाच्या सुमारास पाण्यावर पोचलो. स्वच्छ ऊन, वारा नाही. पण नशीब बघा... दुपारपर्यंत मासा सोडा, टोचासुद्धा नाही. उलट दोरी खाली अडकून दोनदा तुटली आणि गळ बुडवायला आणलेली शिशाची वजनं संपली. विकासचं तोंड एवढंसं झालं. महिन्याची तयारी आणि वजनावाचून अडलं! मला वाईट वाटलं. मी पिशवीतला खडा काढला.

"घे. चौथ्याला काय फुकट फिरवायचं? लाव कामाला."

"नगं राव," सुदाम म्हणाला. "तुमच्या आईनं काय सांगितलं व्हतं?"

"तुमी बी ना, पावणं! दगूड हाय तो," मी म्हणालो.

विकासने खड्याला फास आवळून गाठ मारली. त्याने मारलेली गाठ कधी सुटायची नाही. दोरी लांब फेकली, ती परत अडकली. "थांब दादा, सोडवून येतो," म्हणून तो पाण्यात शिरला. पोहण्यात पट्टीचा, त्यामुळे मला काळजी नव्हती. आत गेला आणि बुडी मारली.

सुरुवातीला आम्ही गप्पा मारत होतो. मग सुदाम उभा राहिला. पाण्यावर बुडबुडासुद्धा नव्हता. मी हाका मारत शर्ट काढला, गुडघाभर पाण्यात शिरलो... किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. सुदाम म्हणतो, त्याने तेव्हाच पेटवलेली विडी बोटांना चटका देऊन संपली होती.

मग विकास काठाजवळच वर आला. पोहत नाही, तळावरून चालत. त्याला धाप लागलेली नव्हती. हातात दोरी, दोरीला तोच फास, गाठ तशीच आवळलेली. फक्त आत खडा नव्हता.

"निसटला असंल," मी म्हणालो. विकास महिनाभर जमवलेलं सामान तिथेच टाकून गाडीकडे चालायला लागला.

येताना गाडी ओढेना. तीच गाडी, तेच दोघं, पण साध्या चढाला पहिला गिअर टाकावा लागत होता. मागचं टायर पार दबलेलं. ओतूरला हवा तपासली, ती बरोबर होती.

आई दारातच उभी होती. विकास तिच्या समोर येऊन थांबला, तर ती त्याच्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाली, "इकास कुठाय?"

"आई, हा काय!"

तिने त्याचा हात हातात घेतला, तोंडावरून बोटं फिरवली आणि हात सोडून दिला.

"मी इकास इचारते रं. ह्याला तर मीच धाडला व्हता."

आणि घरात मयत झाल्यावर रडतात तशी ती रडायला लागली.

दोघांनाही डॉक्टरकडे नेलं. त्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. आईचंही डोकं ठिकाणावर आहे. गावातलं पोरन् पोर ओळखते. विकास वाढलं तेवढं खातो, शेतात राबतो, विचारलं तर उत्तर देतो. हसत नाही. गळांचा डबा माळ्यावर आहे, त्याने एकदाही मागितला नाही. मे महिन्यातसुद्धा त्याचा हात गार लागतो. दिसायला मात्र तो विकासच आहे, केसाचाही फरक नाही.

मी तीनदा त्या काठावर जाऊन आलो. कशासाठी ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात सुदामच्या घरची वास्तुशांत होती. मी, बायको आणि विकास निघालो. तिघं म्हणून बायकोने सवयीने अंगणातला खडा उचलला. आई ओट्यावरून म्हणाली, "दुसरा कशाला गं? एक हाय की सोबतीला."

विकासने ऐकलं. त्याने मान डोलावली आणि भाड्याच्या गाडीत जाऊन बसला.

 त्या दिवशी चौघं गेलो होतो, तिघं परत आलो, एवढंच खात्रीने सांगू शकतो. चौथ्याला पाण्यात टाकायला मीच दिला. आईला मात्र आजवर कबूल केलेलं नाही, आणि तिने विचारलेलंही नाही.