रविवारी सुट्टी घेणारे कण

“रविवारी या कणांना सुट्टी असते का रे?” मुंबईहून आलेल्या मॅडमनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं.

देवरे सर गोंधळले. मी गोंधळलो नाही. मला उत्तर माहीत होतं, आणि तीच अडचण होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी असिस्टंट होतो. अजून परमनंट झालेलो नव्हतो. सरांनी तिथे कॉस्मिक रे मोजायचं यंत्र बांधलं होतं. अंतराळातून सतत वेगवान कण येतात, वरच्या हवेवर आदळतात, आणि त्यातून तयार झालेले म्युऑन नावाचे कण आपल्यापर्यंत पोचतात. तळहात आडवा धरला तर सेकंदाला साधारण एक त्यातून आरपार जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

यंत्रात खास प्लॅस्टिकच्या दोन पाट्या होत्या, एकीखाली एक. कण गेला की पाटीत अगदी पुसट चमक होते आणि तिचा विजेचा पल्स बनतो. एकाच पाटीने पल्स दिला तर धरायचा नाही. दोघींनी एकाच क्षणी दिला, तरच काउंटर एक आकडा पुढे सरकतो. याला कोइन्सिडन्स म्हणतात. दोन साक्षीदार एकच बोलले, तर खरं मानायचं.

पावसाळ्यात रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला काउंट उसळायला लागले. सर हरखले.

“आहेर, हवेचा दाब कमी झाला की म्युऑन थोडे वाढतात, हे पुस्तकात आहे. पण ठरलेल्या वेळी, आणि इतके? हे काहीतरी वेगळं आहे!”

त्यांनी पेपर लिहायला घेतला. पोस्टात टाकण्याआधी एकदा बघ, म्हणून मॅडमना बोलावलं. त्या त्यांच्या एम.एस्सी.च्या वर्गातल्या.

मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. अकरा आणि चार या माझ्या चहाच्या वेळा. कपाटामागे मी छोटा गॅस लपवला होता. दमट हवेत लायटर दहादा टकटक केल्याशिवाय पेटायचा नाही, आणि प्रत्येक ठिणगीचा झटका दोन्ही पाट्यांच्या वायरी एकदमच पकडायच्या. दोन्ही साक्षीदार मीच फोडले होते.

सांगायला हवं होतं. पण लॅबमध्ये गॅस पेटवल्याबद्दल एक मेमो आधीच मिळाला होता. दुसरा मिळाला असता तर परमनंट विसरा. म्हणून एक दिवस गुपचूप काडेपेटी वापरली. सर दिवसभर तोंड पाडून बसले. “आज आले नाहीत रे.” मला बघवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा लायटर काढला आणि, आज लिहायलाही लाज वाटते, त्यांच्यासाठी चार टकटक जास्तच केल्या.

“अरे देवरे, रविवारच्या नोंदीत एकही उसळी नाही. हे कण ऑफिस टाइम पाळतायत,” मॅडम म्हणाल्या. “हा पेपर छापला तर लोक आयुष्यभर हसतील तुला.”

सरांचा चेहरा उतरला. मग मला राहवलं नाही.

“मॅडम, चहा घेणार?”

“इथे मिळतो?”

मी कपाटामागून गॅस काढला. “काउंटरकडे बघा.” टक. टक. टक. प्रत्येक टकसरशी आकडा भराभर पुढे पळाला.

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सर हसले नाहीत.

“कधीपासून माहीत होतं?”

“दुसऱ्या आठवड्यापासून, सर.”

“आणि तो एक दिवस?”

“काडेपेटी.”

“म्हणजे मी रोज अकराला प्यायचो तो चहा...”

“हाच, सर.”

“मला वाटायचं, कॅन्टीनचा आहे!”

“सगळं आकाश धुंडाळलंस,” मॅडम म्हणाल्या, “तेवढा हातातला कप राहिला.”

पेपर पोस्टात गेला नाही. मेमोही निघाला नाही. त्यात चहा कोण कोण प्यायचं, तेही लिहावं लागलं असतं. सरांनी मला एवढंच सांगितलं, की रजिस्टरमधल्या अकरा आणि चारच्या प्रत्येक नोंदीवर लाल रेघ मार आणि पुढे ‘चहा’ असं लिही. पाच पानं भरली. पुढच्या वर्षी मी परमनंट झालो, शिफारस सरांचीच. पण त्यांनी माझ्या हातचा चहा पुन्हा कधी घेतला नाही.

दोन साक्षीदार एकच बोलले, तरी ते चहा कुणाकडे पितात, तेवढं विचारून घ्यावं.